कारणांची वही

पोटली पहिल्यांदा सापडली ती फ्लशच्या टाकीत. गुजरातबाहेरच्यांसाठी सांगते, पोटली म्हणजे देशी दारू भरून गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी. दुधाच्या पिशवीपेक्षा लहान, मुठीत मावणारी. जून २०२२. टाकीचं पाणी थांबेना म्हणून माझ्या भावजयीने, मेधाने, झाकण काढलं तर आत तीन पोटल्या. तिने मला फोन केला आणि मी पोचेपर्यंत झाकण तसंच उघडं ठेवलं. साक्षीला कुणीतरी हवं होतं बहुतेक.

आमच्याकडे दारूबंदी आहे. १ मे १९६० ला गुजरात वेगळा झाला तेव्हा १९४९ चा मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा तसाच सोबत आला आणि इथे टिकला. २०१७ मध्ये तो आणखी कडक झाला, दारू गाळणं, विकणं, वाहून नेणं यांना १० वर्षांपर्यंत कैद. पुण्याच्या लग्नकार्यात कुणी ना कुणी म्हणायचंच, "तुमच्या बडोद्याला बरं बाई, पिण्याची भानगडच नाही." मी मान डोलवायची. त्याच वेळी दांडियाबाजारातल्या माझ्या माहेरी माझा धाकटा भाऊ भर दुपारी तोंडावर चादर ओढून पडलेला असायचा.

त्याला मी इथे नंदू म्हणते. त्याला विचारूनच लिहिते आहे, नावं बदलायची अट त्याची. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या टूलरूममध्ये लेथवर. हात असा की साहेब लोक त्याच्या शिफ्टची वाट बघायचे. मी स्वतः रावपुऱ्यात एका सीएच्या ऑफिसात २७ वर्षं हिशेब लिहिते. जमा आणि खर्च जुळले नाहीत तर कुठेतरी एक चूक आहे, ती शोधली की झालं, ही माझी आयुष्यभराची सवय. नंदूच्या बाबतीतही मी तेच करायला गेले.

घरात प्रत्येकाकडे ती एक चूक तयार होती. आईच्या मते जीआयडीसीतले मित्र. मेधाच्या मते आईचे लाड, आणि ते ती आईसमोर बोलायची नाही, स्वयंपाकघरात भांडी आपटून सांगायची. काकूंच्या मते घराचा जिना चुकीच्या दिशेला आहे. पुण्याचे मामा म्हणायचे, "इच्छाशक्ती नाही. माणसाने ठरवलं तर काय होत नाही?" मामांनी स्वतः तंबाखू चार वेळा सोडली आहे.

मामांच्याच ओळखीने आम्ही त्याला शहराबाहेरच्या एका नशामुक्ती केंद्रात ठेवलं. रात्री गाडी आली, चार तगडी माणसं उतरली, नंदूला अंगावरच्या बनियनवर नेलं. आई दार धरून उभी होती. "तीन महिने, गॅरंटी," असं त्या केंद्रवाल्याने अक्षरशः फ्रीज विकावा तसं सांगितलं होतं. महिनाभर भेट नाही, फोन नाही. तीन महिन्यांनी नंदू परत आला तो जाडसर, शांत, सकाळी हात जोडून प्रार्थना म्हणणारा. आम्ही पेढे वाटले. बाराव्या दिवशी तो पिऊन आला. आत काय झालं हे तो आजही धड सांगत नाही. कुणी मागून खांद्यावर हात ठेवला की दचकतो, एवढं मात्र तिथूनच आलं. पुढे एका वकिलाकडून कळलं की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनातून येणारे मानसिक आजारही धरले आहेत आणि धडधाकट, शुद्धीवरच्या माणसाला असं उचलून नेऊन डांबता येत नाही. ते कळलं तेव्हा मी गप्प बसले. गाडीचे पैसे मीच दिले होते.

मग पुडी आली. वर्तमानपत्रातली ती जाहिरात सगळ्यांनी वाचलेली असते, न सांगता दारू सोडवा. काकूंनी कुठूनशी मागवली आणि आईने आठ दिवस ती नंदूच्या आमटीत घातली. नवव्या दिवशी तो लालबुंद होऊन, छाती धरून ओकत होता आणि आई देवापुढे बसून रडत होती, कारण तिला वाटलं आपण पोराला मारलं. तेव्हाच मला पुडीचं कळलं. त्या पुडीत काय होतं देव जाणे. डायसल्फिरॅम नावाचं एक खरं औषध आहे, त्यावर दारू पोटात गेली की असंच होतं, रक्तदाबही कोसळू शकतो. डॉक्टर ते देतात, पण पिणाऱ्याला सांगून, त्याच्या संमतीने. आमटीतून नव्हे.

माझा उपाय या सगळ्यांपेक्षा शहाणा आहे असं मला वाटत होतं. मार्च २०२३ मध्ये मी ऑफिसातली एक लांबट, लाल पाठीची वही घरी आणली आणि रकाने आखले. तारीख, शिफ्ट, पगार झाला का, भांडण कुणाशी, पाहुणे, सण, प्यायला का. शेवटचा रकाना होता "कप". नंदू चहा आणायचा तेव्हा कप बशीत वाजायचा, किणकिणकिण असा बारीक आवाज. लहानपणी आजोबांच्या कपाचा यायचा तसा. ज्या दिवशी वाजला त्या दिवशी मी फुली करायची. मेधा रोज रात्री फोनवर माहिती द्यायची आणि मी लिहायची. दोन बायका मिळून एका माणसाचं खातं लिहीत होतो आणि त्याला पत्ताही नव्हता.

सहा महिन्यांनी खातं जुळलं. ७ तारखेला पगार, ७ ते १२ सर्वांत जास्त फुल्या. सापडली चूक! त्याच्याच सहीने पगार मेधाच्या खात्यात वळवला. नंदूने सही निमूटपणे केली. पुढच्या महिन्यात फुल्या कमी झाल्या नाहीत, नुसत्या सगळीकडे पसरल्या. चोरून दारू विकणारा बूटलेगर उधारी ठेवतो हे माझ्या रकान्यांत कुठे होतं? दिवाळीनंतर कळलं की त्याने बारीक मापं घ्यायचं स्वतःचं मायक्रोमीटर विकलं. मित्सुतोयोचं, आयटीआय झाल्यावर बाबांनी घेऊन दिलेलं, निळ्या मखमलीच्या डबीतलं. कारागिराने हत्यार विकलं तेव्हा तरी मला उमगायला हवं होतं की प्रश्न महिन्याच्या बजेटचा नाही. मी काय केलं? वहीत एक रकाना वाढवला. "उधारी".

१५ जानेवारी २०२४, वासी उत्तरायण, म्हणजे पतंगांच्या सणाचा दुसरा दिवस. अगाशीवरून, गच्चीवरून, उतरताना नंदू जिन्यात कोसळला, फिरकी गडगडत तळमजल्यापर्यंत गेली, हनुवटीला तीन टाके. त्या रात्री तो स्वतःच म्हणाला, "ताई, मला माडीवर कोंड. चार दिवस दार उघडू नकोस. मी कितीही ओरडलो तरी." हे मी नेहमी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून लोक एकतर आम्हाला राक्षस ठरवतात, नाहीतर त्याला बिचारा. कुलूप त्याच्या सांगण्यावरून लागलं. किल्ली माझ्या कमरेला होती.

दुसऱ्या दिवशी तो घामाने भिजला, थरथरत होता. आम्ही दाराच्या फटीतून ग्लुकोजचं पाणी देत होतो आणि एकमेकींना धीर देत होतो की विष बाहेर पडतंय. १७ च्या पहाटे माडीवर धडधड आवाज झाला. दार उघडलं तर नंदू जमिनीवर, डोळे पांढरे, तोंडाला फेस, टाचा फरशीवर आपटतायत.

दवाखान्यात नेताना शेजारच्यांच्या गाडीत मी काय विचार करत होते? पोलीस केस होईल का. दारूचं नाव काढायचं की फिट म्हणायचं. दारूबंदीच्या राज्यात दारूचा आजार होणं ही वेगळीच लाज आहे, आजारी माणूस आधी गुन्हेगार असतो. कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरने मला एकच विचारलं, "शेवटची कधी घेतली होती?" मी खरं सांगितलं. त्याने वर न बघता लिहून घेतलं.

त्या रात्री वॉर्डात जे पाहिलं ते माझ्यासोबत कायम राहील. नंदू जागा होता पण आमच्यात नव्हता. बाबांशी बोलत होता, जे २०१६ मध्येच गेले. भिंतीवर मुंग्या दाखवत होता. उजवा हात सलाइनसाठी कॉटला बांधलेला, आणि मोकळा डावा हात हवेत एक चाक फिरवत होता. सावकाश, मोजून, अर्धा फेरा पुढे, जरासा मागे. मग थांबायचा, दोन बोटांच्या चिमटीत काहीतरी धरून डोळ्यांजवळ न्यायचा, डोळे बारीक करायचा आणि पुटपुटायचा, "अजून दोन काढावे लागतील." पुन्हा चाक. मला वाटलं वेड लागलं. नर्सबाई सलाइन बदलता बदलता म्हणाल्या, "काम करतायत ते. ड्रायव्हर असला की स्टिअरिंग फिरवतो, शिंपी असला की सुई ओवतो. रात्रभर चालतं यांचं." याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, रोजची दारू एकदम तोडली की साधारण दोन ते चार दिवसांत सुरू होतं. मेंदूला वर्षानुवर्षं दारूच्या ओझ्याखाली चालायची सवय लागते, ओझं अचानक काढलं की तो बेफाम धावतो. उपचार नाही मिळाले तर माणूस जाऊ शकतो. त्याला बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली, झोपेची औषधं देऊन ती दिवसागणिक कमी केली. राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरबाई मला एवढंच म्हणाल्या, "बेन, असं कुलूप लावून दारू सोडवत नसतात."

नऊ दिवसांनी घरी, आणि मग दर पंधरा दिवसांनी जुना पादरा रोडवरच्या त्यांच्या दवाखान्यात. पहिल्या खेपेला मी वही घेऊन गेले. १० महिने, रकाने, फुल्या. मला वाटलं बाई खूश होतील. त्यांनी पानं चाळली, मग विचारलं, "याच्यात नंदूभाईंनी काय लिहिलंय?"

नंदू शेजारीच बसला होता. त्याने वही पहिल्यांदाच पाहिली.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त "कप" या रकान्यावर बोट ठेवलं आणि हसला. मग बोलायला लागला. सकाळी उठल्यावर हात थरथरायचे. थरथरत्या हाताने शतांश मिलिमीटरचं काम होत नाही. एक पोटली घेतली की हात स्थिर. मग पहिली शिफ्ट चोख. म्हणजे आम्ही सगळे ज्याला कामचुकार, बेजबाबदार म्हणत होतो तो सकाळी सहा वाजता नोकरी टिकवायला पीत होता. आणि थरथर कशाने, तर आदल्या रात्रीच्या दारूने. आणि रात्रीची कशासाठी, तर पाळ्या बदलत राहिल्यावर झोप येईना म्हणून. आणि तिच्याही आधीची? तो थांबला. "आधी नुसतीच आवडायची, ताई."

हे शेवटचं वाक्य आईला सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही. दुःखाने प्यायला हे तिला चालतं.

डॉक्टरबाईंनी त्याच्याकडून एक फॉर्म भरून घेतला, जागतिक आरोग्य संघटनेचा, १० प्रश्नांचा. ४० पैकी २० किंवा जास्त आले की व्यसन जडलेलं असण्याची शक्यता धरतात. नंदूचे ३१. दहा प्रश्नांत माणूस मावत नाही हे बाईंनाही ठाऊक होतं, पण कुठूनतरी सुरुवात हवी. मी लगेच विचारलं, "हे रक्तातून येतं का?" त्या म्हणाल्या, जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून साधारण निम्मा वाटा अनुवंशाचा दिसतो. मी मनात लगेच खातं उघडलं, निम्मं आजोबा-बाबा, निम्मं मित्र वगैरे. माझा चेहरा बघून त्या हसल्या. म्हणाल्या, "तो निम्मा नंदूभाईंच्या पेल्यातला नाही. हजारो माणसांत कोण अडकतो, कोण नाही, या फरकापैकी निम्मा. एका माणसाचा असा भागाकार होत नाही, बेन." २७ वर्षं हिशेब लिहिणाऱ्या बाईला हे पचायला महिने लागले.

बाबांचं नाव निघालं म्हणून सांगते. बाबांकडे परमिट होतं. चाळिशीनंतर तब्येतीच्या कारणाने गुजरातेत दारूचं परमिट मिळतं, महिन्याचा कोटा ठरलेला, सरकारमान्य दुकानातून सही करून बाटली आणायची. बाबांची बाटली पुस्तकांच्या कपाटात असायची आणि आई तिला "ह्यांचं औषध" म्हणायची. रोज रात्री साडेआठ, दोन पेग, मोजून. बाबा कधी पडले नाहीत, ओरडले नाहीत. पण साडेआठच्या आधी त्यांच्याशी बोलायचं नाही हे आम्हा दोघांना फार लहानपणी कळलं होतं. मग बाबांनी नंदूला दारू शिकवली का? नाही. बाबांचा काही संबंध नव्हता का? तसंही नाही. बाटली आणि पोटली यांच्यात आमच्या घराने जी भिंत बांधली, एकीकडे औषध आणि दुसरीकडे कलंक, तिच्या आडोशाने नंदूला लपायला बरीच वर्षं मिळाली. यापलीकडे मला काही म्हणता येत नाही.

वॉर्डातून आल्यावर कित्येक महिने नंदू प्यायला नाही. गोळ्या, सुरसागर तलावाभोवती संध्याकाळच्या फेऱ्या, रविवारी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची मीटिंग. १९३५ मध्ये अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरता सावरता सुरू केलेली ही चळवळ बडोद्यातही आहे, गुजराती-हिंदीत चालते. नंदूला तिथलं देवाचं बोलणं जमायचं नाही. पण एक म्हातारे मराठी गृहस्थ यायचे, निवृत्त रेल्वेवाले, ते त्याला मीटिंगनंतर सेवउसळ खायला न्यायचे. नंदूच्या मते औषधाचा असर त्या सेवउसळीत होता. असेलही.

नातेवाइकांसाठीचा त्यांचा वेगळा गट असतो, अल-ॲनॉन. मी फोनवरून चार मीटिंगा ऐकल्या. तिथे पहिलं सांगतात की हे तुमच्यामुळे झालेलं नाही, तुमच्या ताब्यात नाही, तुम्ही बरं करू शकत नाही. पहिल्या दिवशी मी ढसाढसा रडले, छातीवरचा दगड उतरला. चौथ्या खेपेला मात्र मनात यायला लागलं, माझ्यामुळे झालं नाही हे खरं, पण गाडीचे पैसे कुणी दिले? किल्ली कुणाच्या कमरेला होती? तो दगड पूर्णपणे उतरवून ठेवणं मला खोटं वाटलं. ज्यांना उतरवता येतो त्यांनी जरूर उतरवावा.

तिथेच असंही ऐकलं की पिणाऱ्याला पैसे देणं म्हणजे व्यसनाला खतपाणी. मी दर महिन्याला ३००० रुपये देत होते. ताबडतोब बंद केले. जूनमध्ये भाच्याला, ओंकारला, वर्गात उभं करून फी का भरली नाही म्हणून विचारलं. चौदा वर्षांचा मुलगा, घरी येऊन बोलला नाही, दप्तर फेकलं नाही, नुसता जेवला नाही. तेव्हा मी फी थेट शाळेत भरायला लागले आणि मला वाटलं, हा मार्ग निघाला. पण माझा धंदाच हिशेबाचा. फी मी भरली की नंदूच्या घरातले तेवढे पैसे मोकळे झाले. पैशावर नाव नसतं, एका खिशातून काढून दुसऱ्यात घातले तरी तेच. मग काय करायचं? मी फी भरते. अजूनही भरते. यात कुठेतरी मी त्याच्या पोटलीलाही हातभार लावत असेन हे कळून भरते.

या काळात मला एक नवीनच खोड लागली होती. सगळं कसं गुंतागुंतीचं असतं यावर मी मेधाला व्याख्यानं द्यायची. अनुवंश, पाळ्या, बाबांचं परमिट, मेंदूतली रसायनं. एके दिवशी ती भाकरी थापता थापता म्हणाली, "ताई, तुम्ही समाला तुमच्या घरी जाता. मला रात्री साडेदहाला बेल वाजली की दार उघडायचं की नाही एवढंच ठरवायचं असतं." आणि तिने ठरवलंही. पिऊन आला तर माडीवर नाही, खाली रस्त्यालगतच्या खोलीत झोपायचं, गादी आणि पाण्याचा तांब्या ठेवलेला असेल, सकाळी चहा मिळेल, रात्री एक शब्द नाही. भांडण नाही, समजूतही नाही. नियम इतका साधा की ओंकारलाही पाठ झाला. मी इतकं वाचून, विचारून जे केलं नव्हतं ते तिने एका वाक्यात केलं. कारण तिने प्रश्न सोपा केला नव्हता, फक्त रात्र सोपी केली होती.

आता पुराचं सांगते, कारण तिथे माझी वही कायमची फसली.

ऑगस्ट २०२४, जन्माष्टमीचा पाऊस. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट, पाणी ३७ फुटांच्या आसपास गेलं. समामध्ये आमचं घर तळमजल्यावर. फ्रीज तरंगून दाराला अडकला, दोन दिवस वीज नाही, आम्ही नवराबायको वरच्या शेजाऱ्यांकडे. विश्वामित्रीत मगरी आहेत हे बडोदेकराला सांगावं लागत नाही, त्या दिवसांत त्या सोसायट्यांत, रस्त्यांवर फिरत होत्या. सगळ्यांना एकच काळजी होती, मला आणखी एक होती. माणसाला पिण्यासाठी याहून चांगलं निमित्त काय हवं?

तिसऱ्या दिवशी नंदू आला. काही अंतर कुणाच्या ट्रॅक्टरवर, पुढे कमरेएवढ्या पाण्यातून, डोक्यावर प्लास्टिकचा टब, त्यात दूध पावडर, मेणबत्त्या, आईने दिलेले ठेपले आणि का कोण जाणे एक स्क्रू ड्रायव्हर. पाणी उतरल्यावर आठ दिवस रजा टाकून तो आमच्या घरातला चिखल उपसत होता. गाळाचा तो वास नाकातून जायला महिना लागला. मिक्सर उघडून, धुऊन, वाळवून त्याने चालू केला. स्क्रू ड्रायव्हर त्यासाठी. दुपारी पायरीवर बसून आम्ही चहा प्यायलो. कप वाजला नाही. मी वहीचा विचार केला आणि आठवलं, वही खालच्या कपाटात होती, फुगून विटेसारखी झाली होती.

आणि मग ऑक्टोबरात, कोजागिरीच्या पुढच्या बुधवारी, तो प्यायला. त्या दिवशी काही म्हणजे काही झालं नव्हतं. पगाराची तारीख नाही, भांडण नाही. पहिली शिफ्ट करून आला, दुधीची भाजी खाल्ली, ओंकारसाठी खारी आणतो म्हणून बाहेर पडला. रात्री खालच्या खोलीत झोपला. चार दिवस हेच. मामांचा फोन आला, "सांगत होतो, इच्छाशक्ती." मी पहिल्यांदाच मामांवर ओरडले, आणि मग वाईट वाटलं, कारण तेही घाबरलेलेच होते.

पाचव्या दिवशी सकाळी नंदूने स्वतः डॉक्टरबाईंना फोन लावला. मला नंतर सांगितलं. मी दवाखान्याच्या बाकावर त्याच्या शेजारी बसले होते, विचारायचं नाही असं ठरवूनही विचारलंच, "का रे?"

"काहीच नव्हतं गं. बरं वाटत होतं."

बाईंनी ओरडा केला नाही. पहिल्या वर्षात पुन्हा घसरणं हे अपवाद नाही, नेहमीचंच आहे, असं सांगून त्यांनी गोळ्या बदलल्या आणि विचारलं, नऊ महिने कसे काढलेत ते आधी सांगा. हा प्रश्न आम्ही कुणीच त्याला विचारला नव्हता. तो बराच वेळ बोलला. त्यात रेल्वेवाल्या आजोबांची सेवउसळ होती, चिखल होता, मेधाचा पाण्याचा तांब्या होता, आणि एक गोष्ट मला ठाऊकच नव्हती. कारखान्यात त्याने फोरमनला सगळं सांगून सकाळचं बारीक काम काही महिने दुसऱ्याला द्यायला लावलं होतं. हात थरथरले तरी चालेल असं काम मागून घेतलं होतं. ज्या माणसाचं नाव त्याच्या हातामुळे होतं त्याने.

त्यानंतर आणखी दोनदा झालं. एकदा दोन दिवस, एकदा एकच रात्र. लोक विचारतात, "सुटली का?" मला हो म्हणता येत नाही, नाही म्हणता येत नाही, आणि मधलं सांगायला घेतलं की समोरचा घड्याळाकडे बघतो. आईला मी "बरा आहे" म्हणते. काकूंनी जिन्याची दिशा बदलायचं अंदाजपत्रक मागवलंय.

वही मी टाकलेली नाही. पानं चिकटली आहेत, शाई निळी-जांभळी पसरली आहे, फुल्या आणि कोऱ्या जागा यांतला फरक कळत नाही.

गेल्या बुधवारी संध्याकाळी दांडियाबाजारात गेले होते. मेधा भाजी आणायला गेली होती, ओंकार क्लासला. नंदू एकटाच होता, म्हणाला, "बस, चहा टाकतो." मी देवघराशेजारच्या खुर्चीवर बसले. आतून आल्याचा वास, गॅस बंद केल्याचा आवाज. मग तो ट्रे घेऊन आला आणि कप बशीत वाजला. बारीक, दोनदा, मग पुन्हा एकदा. नवीन गोळ्यांनी हात हलतात असं बाई म्हणाल्या होत्या. आदल्या दिवशी त्याची रात्रपाळी होती. ट्रे त्याने एका हाताने धरला होता, दुसऱ्या हातात खारीचा पुडा. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, त्याने माझ्या कानांकडे.

"वाजला ना?" तो म्हणाला.

"वाजला," मी म्हटलं आणि कप घेतला. चहात साखर जास्त झाली होती.